कोणता संगणक घ्यावा? : एका साध्या प्रश्नाची फोड

(मूल, जि. चंद्रपूर येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. त्या दिवशी कुणाचाही संगणक बंद पडला नाही. आदल्या दिवशी जसा सुरू होत होता तसाच तो दुसऱ्या दिवशीही झाला. बदललं ते एवढंच, की यापुढे त्यात एखादं भगदाड सापडलं तर ते बुजवायला कंपनी आपणहून येणार नाही. घरगुती वापरणाऱ्यांना नोंदणी केल्यावर एक वर्षाची मुदतवाढ आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. म्हणजे प्रश्न सुटला नाही, पुढे ढकलला गेला.

कंपनी म्हणते, विंडोज ११ घ्या. पण विंडोज ११ प्रत्येक संगणकावर चढत नाही. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा या अटी काही फार कडक नाहीत. कडक आहे ती पुढची अट. यंत्रात टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय हवी, म्हणजे किल्ल्या ठेवायची एक बंद पेटीच समजा. आणि प्रोसेसर कंपनीच्या यादीतला हवा. इंटेलचा असेल तर ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचा. ही पिढी २०१७ साली आली. त्याआधीचं यंत्र कितीही धडधाकट असलं तरी यादीबाहेर.

आता समजा, आपल्या तालुक्यातल्या एका शाळेत २०१५ साली घेतलेले २० संगणक आहेत. शिपाई सांगतो, "सर, काही झालं नाही त्याले, मस्त चालून राहिला." तो खरंच सांगतो. यंत्राला काही झालेलं नाही. आणि तरी मुख्याध्यापकांना ठरवायचं आहे : हे भंगारात काढून नवे घ्यायचे, की याच यंत्रांवर दुसरं काही चढवायचं? नवे घ्यायचे तर कोणते? विंडोजचे, ॲपलचे मॅक, की गूगलचे क्रोमबुक? की जुन्यांवरच लिनक्स?

घरोघरी हाच प्रश्न लहान आकारात आहे. मुलगी कॉलेजात गेली, लॅपटॉप घ्यायचा आहे, पैसे एकदाच जमणार आहेत. कोणता चांगला?

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. तत्त्वज्ञानाचा माणूस उत्तर देण्याआधी प्रश्न तपासतो. काही लोकांना याचा कंटाळा येतो, मला माहीत आहे. पण या प्रश्नात तसं केल्याने पैसे वाचतात, म्हणून थोडा धीर धरा.

'चांगला' हा शब्द एकटा उभा राहत नाही

'जवळ' हा शब्द घ्या. "सिंदेवाही जवळ आहे का?" असं कुणी विचारलं तर तुम्ही लगेच म्हणाल, कुठून? मूलहून विचारता की मुंबईहून? 'जवळ' या शब्दाला 'कुठून' लागतंच. ते सांगितलं नाही तर प्रश्न अर्धा राहतो. 'चांगला' हा शब्दही तसाच आहे. त्याला 'कशासाठी' लागतं, 'कुणासाठी' लागतं, आणि 'किती काळ' हेही लागतं. गंमत अशी की 'जवळ' म्हटल्यावर आपण 'कुठून' विचारतो, पण 'चांगला' म्हटल्यावर 'कशासाठी' विचारायचं विसरतो. मग विंडोजवाले आणि मॅकवाले भांडत बसतात. एक सिंदेवाहीपर्यंतचं अंतर मूलहून मोजतो, दुसरा मुंबईहून, आणि दोघांना वाटतं समोरचा खोटं बोलतो.

म्हणून पहिली गोष्ट : कोणता संगणक चांगला, हे विचारण्याआधी काम क्रियापदात सांगा. 'अभ्यासासाठी' हे काम नव्हे, ते कारण झालं. लिहायचं, हिशेब ठेवायचा, चित्रफीत जुळवायची, नकाशा काढायचा, प्रोग्रॅम लिहायचा, ही कामं.

हे प्रकार झाले कसे

विंडोजचा पीसी, मॅक आणि लिनक्स ही नावं आपण एका दमात घेतो, पण या तीन वस्तू एका जातीच्या नाहीत. थोडा इतिहास पाहिला की फरक ध्यानात येतो.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. घाई होती, म्हणून कंपनीने सगळं स्वतः बनवलं नाही. प्रोसेसर इंटेलकडून घेतला, चालवणारी प्रणाली मायक्रोसॉफ्टकडून. आणि यंत्र आतून कसं जोडलं आहे याची तांत्रिक पुस्तिका छापून विकायला ठेवली. उद्देश हा, की इतरांनी त्याला जोडायची कार्डं बनवावीत. पण इतरांनी अख्खं यंत्रच बनवलं. कॉम्पॅक या कंपनीने १९८२ च्या अखेरीस आयबीएमशी जुळणारं यंत्र जाहीर केलं. त्यातला जो भाग सरळ उतरवून घेता येत नव्हता तो त्यांनी स्वतंत्रपणे नव्याने लिहून काढला. पुढे रांगच लागली. आयबीएमच्या हातून तो धंदा गेला, पण जगाला सुटे भाग जोडून बनणारा संगणक मिळाला.

भारतात संगणक आला आणि पसरला तो बराचसा याच वाटेने. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचं नेहरू प्लेस, तिथून सुटे भाग यायचे आणि गावोगाव 'असेंबल्ड' संगणक उभे राहायचे. आज आपल्या गावातला एखादा पोरगा तुमचा एसएमपीएस बदलून देतो, रॅम वाढवून देतो, 'फॉरमॅट मारून' देतो. त्याला हे करता येतं याचं कारण चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी दूर देशात झालेल्या त्या निर्णयात आहे. यंत्र उघडं होतं, म्हणून विद्या गावापर्यंत आली.

ॲपलने दुसरा रस्ता धरला. २४ जानेवारी १९८४ ला मॅकिंटॉश आला. यंत्र त्यांचं, प्रणालीही त्यांची. बाहेरच्याला आत शिरायला वाव कमी. याचा फायदा खरा आहे : ज्याने पेटी बनवली त्यानेच आतलं सगळं जुळवलेलं असतं, त्यामुळे कुरबुरी कमी. १९८५ च्या सुमारास मॅक, पेजमेकर आणि लेझर प्रिंटर एकत्र आले आणि टेबलावर बसून पान जुळवायची सोय झाली. छपाईचा धंदा त्याने बदलला. पण दुसरी बाजूही पाहा. मॅकचा प्रोसेसर आजवर तीनदा बदलला : १९९४ मध्ये, मग २००६ मध्ये इंटेलचा आला, आणि २०२० च्या अखेरीपासून ॲपलचा स्वतःचा. दर वेळी जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून कंपनीने काही वर्षं दुभाष्या दिला. २००६ च्या वेळचा दुभाष्या २०११ मध्ये काढून घेतला. आणि आता जून २०२५ मध्ये ॲपलने सांगून टाकलं आहे, की 'टाहो' ही इंटेलच्या मॅकवर चालणारी शेवटची प्रणाली. मालक एकच असला की घर नीटनेटकं राहतं, आणि घर बदलायचं कधी हेही मालकच ठरवतो.

लिनक्स ही तर वस्तूच नाही. तिला पेटी नाही. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. म्हणणं असं, की प्रोग्रॅम वापरण्याचा, तपासण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्क वापरणाऱ्याला असावा. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लायनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा लिहून लोकांसमोर ठेवला. दोन्ही मिळून जे झालं त्याला आपण लिनक्स म्हणतो. उबुंटू, मिंट, डेबियन ही त्याची वेगवेगळी रूपं. आपल्या सी-डॅकनेही २००७ मध्ये 'बॉस' नावाचं एक रूप काढलं. आणि २०११ पासून मिळणारं क्रोमबुक हे लिनक्सच्याच पायावर उभं, पण बहुतेक काम इंटरनेटवर करणारं आणि गूगलच्या ताब्यातलं.

तेव्हा 'विंडोज, मॅक की लिनक्स' या प्रश्नात खरं तर तीन वेगवेगळे करार आहेत. विंडोजमध्ये यंत्र कुणाचंही आणि प्रणाली एका कंपनीची. मॅकमध्ये दोन्ही एका कंपनीचं. लिनक्समध्ये यंत्र कुणाचंही आणि प्रणाली कुणा एकाच्या मालकीची नाही.

मिळवणं आणि राखणं

आपल्याकडे एक जुना शब्द आहे, योगक्षेम. आज तो 'उदरनिर्वाह' अशा अर्थाने वापरतात. पण भाष्यकारांनी त्याची फोड केली ती फार उपयोगी आहे. योग म्हणजे जे आपल्याकडे नाही ते मिळवणं. क्षेम म्हणजे जे मिळालं ते राखणं. दोन्ही मिळून संसार चालतो.

दुकानात जे बोललं जातं ते सगळं योगाचं असतं. रॅम किती, पडदा केवढा, वेग किती, सवलत किती. क्षेमाचं कुणी बोलत नाही, कारण क्षेम दुकानात सुरू होत नाही, घरी आणल्यावर सुरू होतं. आणि संगणकाच्या बाबतीत माणसं रडतात ती क्षेमापायी. वेग थोडा कमी पडला म्हणून कुणी रात्रभर जागत नाही. प्रबंधाची फाइल उघडत नाही म्हणून जागतात.

क्षेमाचे तीन भाग करून पाहू.

पहिला भाग यंत्राचा. आपल्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. ॲपलच्या लॅपटॉपच्या माहितीत वापरायचं तापमान १० ते ३५ अंश दिलेलं असतं. इतर कंपन्यांचे आकडेही साधारण याच धर्तीचे असतात. म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यातली दुपार ही कागदोपत्री यंत्राच्या मर्यादेबाहेरची. त्यात राईस मिलच्या आसपास धानाच्या कोंड्याची धूळ. पंखा असलेल्या यंत्रात ती धूळ साचते, मग ते वर्षातून एकदा उघडून साफ करावं लागतं. मॅकबुक एअरला आता पंखाच नाही, त्यामुळे धूळ ओढली जात नाही. पण फार तापलं तर ते आपला वेग कमी करून घेतं. आणि वीज. २९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र चंद्रपुरात आहे, पण म्हणून आपल्या घरची वीज जात नाही असं नाही! डेस्कटॉप घ्याल तर यूपीएसचे पैसे किमतीतच धरा. लॅपटॉपला बॅटरी असते, पण ती काही वर्षांनी बदलावी लागते. ती बदलून कोण देईल आणि केवढ्याला, हे घेण्याआधी विचारा. रॅम आणि डिस्क नंतर वाढवता येते का, हेही विचारा. मॅकमध्ये रॅम वाढवता येत नाही. पुष्कळशा पातळ विंडोज लॅपटॉपमध्येही ती आता बोर्डावरच डकवलेली असते.

दुसरा भाग प्रणालीचा. ती किती वर्षं सांभाळली जाणार? विंडोज एक्सपी २००१ मध्ये आली, २०१४ पर्यंत सांभाळली गेली. विंडोज ७ ची देखभाल १४ जानेवारी २०२० ला संपली. मायक्रोसॉफ्टची एक गोष्ट मान्य केली पाहिजे : जुने प्रोग्रॅम चालू ठेवण्याची काळजी त्यांनी इतरांपेक्षा जास्त घेतली. उबुंटूची दर दोन वर्षांनी येणारी दीर्घ मुदतीची आवृत्ती पाच वर्षं सांभाळली जाते आणि मग पुढची फुकट चढवता येते. क्रोमबुकला १० वर्षं देखभाल देऊ असं गूगलने २०२३ मध्ये जाहीर केलं, पण ती वर्षं मोजायची ते मॉडेल ज्या पायावर बनलं तो बाजारात आला तेव्हापासून. तुम्ही कधी विकत घेतलं त्यापासून नव्हे. सवलतीत मिळणाऱ्या जुन्या मॉडेलची पाच वर्षं आधीच संपलेली असू शकतात. तारीख पाहूनच घ्या.

तिसरा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि त्याच्याविषयी जरा सविस्तर बोलतो. तो म्हणजे तुम्ही लिहिलेलं राखणं.

आपली अक्षरं कुणाच्या घरात

मराठी माणसाने हा धडा शिकून झालेला आहे, फक्त तो धडा होता हे आपल्या ध्यानात आलं नाही. १९९० नंतर आपण संगणकावर मराठी लिहू लागलो ते कृतिदेव, श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांच्या अक्षरसंचांत. यातल्या अनेकांची युक्ती अशी होती : इंग्रजी अक्षरांच्या घरात देवनागरीचे आकार नेऊन बसवायचे. कृतिदेवमध्ये इंग्रजी 'डी'च्या घरात आपला 'क' बसतो. पडद्यावर 'क' दिसतो, पण संगणकाच्या लेखी तो 'डी'च असतो. तोवर ठीक, जोवर तो अक्षरसंच त्या यंत्रात आहे. फाइल दुसऱ्या यंत्रावर नेली, तिथे तो संच नसला, की इंग्रजी अक्षरांचा कचरा. शोधता येत नाही, क्रम लावता येत नाही. हजारो पानं अशी अडकली.

युनिकोडने हा घोळ मिटवला. प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक. 'क'चा क्रमांक २३२५, तो विंडोजवरही तोच, मॅकवरही तोच, लिनक्सवर आणि मोबाइलवरही तोच. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे. पण तीही हळूहळू पूर्ण होत गेली. 'ॲसिड'मधला आपला 'ॲ' २००८ साली आला. त्यामुळे २००१ च्या एक्सपीत त्याच्या जागी चौकोन दिसायचा. आपल्या शेजारी गोंडी बोलणारा मोठा समाज आहे. मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये बनवलेली गोंडी लिपी युनिकोडमध्ये २०१७ मध्ये आली, गुंजाला गोंडी २०१८ मध्ये. दोन्हींसाठी 'नोटो' मालिकेतले अक्षरसंच फुकट मिळतात आणि कोणत्याही प्रणालीवर बसवता येतात.

याचा आपल्या निवडीशी काय संबंध? हा, की तुमचं लेखन युनिकोडमध्ये आणि खुल्या प्रकारच्या फाइलमध्ये असेल तर यंत्राची निवड चुकली तरी परतता येतं. तसं नसेल तर उत्तमातलं उत्तम यंत्रही पिंजरा होतं. लिब्रेऑफिस ज्या प्रकारात फाइल साठवतं तो ओडीएफ प्रकार २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. शासकीय कामात खुली मानकं वापरावीत असं धोरण भारत सरकारने २०१० मध्येच केलं. इन्स्क्रिप्ट कळफलक तिन्ही प्रणालींत आयता मिळतो, विकत घ्यावा लागत नाही. रेमिंग्टनवर बसलेला हात नव्याने वळवायला काही आठवडे जातात, पण ते आठवडे एकदाच जातात.

हे कुणासाठी महत्त्वाचं? फक्त लेखकांसाठी नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. अशा गावांना बांबूचा, तेंदूपानाचा हिशेब ठेवावा लागतो, ठराव ठेवावे लागतात, सीमेचे नकाशे ठेवावे लागतात. हे कागद तीस वर्षांनी कुणी आव्हान दिलं तर उघडावे लागतील. उद्या एखादी ग्रामसभा हे सगळं संगणकावर ठेवू लागली, तर तिने पहिला प्रश्न वेगाचा विचारू नये. २०५५ साली हे वाचता येईल का, हा विचारावा.

तीन प्रश्न, चार माणसं

तर माझं म्हणणं तीन प्रश्नांत सांगतो. एक, काम कोणतं? दोन, पाच वर्षं हे कोण सांभाळेल? तीन, उद्या सोडायचं ठरवलं तर माझं काय माझ्याबरोबर येईल?

हे प्रश्न आता लावून पाहू.

राईस मिलचा मालक. काम हिशेबाचं, टॅलीवर. टॅली विंडोजवर चालते. हिशेबनीस तीच शिकलेला आहे. त्याने विंडोज घ्यावं, प्रश्न संपला. सेवा केंद्र चालवणाऱ्याचंही बहुतेक तसंच. बोटांचे ठसे घेणारं यंत्र, डिजिटल सहीचं टोकन, यांचे ड्रायव्हर आधी विंडोजसाठी निघतात. तिथे तत्त्वासाठी लिनक्स लावून रांगेतल्या म्हातारीला ताटकळत ठेवण्यात पुण्य नाही.

झाडीपट्टीच्या नाटकांच्या चित्रफिती जुळवणारा तरुण. फायनल कट त्याला हवं असेल तर संगणकांमध्ये ते फक्त मॅकवर आहे. मॅकची ताकद आणि कमी विजेत चालणं त्याच्या उपयोगाचं आहे. महाग पडेल, पण त्या यंत्रावर तो कमावणार असेल तर महाग या शब्दाचा अर्थ बदलतो. मात्र तिसरा प्रश्न त्याने जपून विचारावा, आणि मूळ चित्रीकरण वेगळ्या डिस्कवर दोन ठिकाणी ठेवावं.

कॉलेजातली मुलगी. लिहिते, वाचते, इंटरनेट वापरते, थोडं प्रोग्रॅमिंग शिकते. तिचं सगळं काम कोणत्याही प्रणालीवर होतं. म्हणून तिने प्रणालीवर वाद न घालता ज्याची बॅटरी आणि रॅम बदलता येते, ज्यात एसएसडी आहे आणि जे गावात उघडून मिळतं, असं यंत्र घ्यावं.

आणि ती शाळा, २० जुन्या संगणकांची. तिथे लिनक्सचा विचार गंभीरपणे करावा. लिनक्स मिंट २ जीबी रॅमवरही चालतं, ४ असेल तर बरं. हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली तर ही यंत्रं आणखी काही वर्षं नीट चालतील, देखभालीसह. पण दुसरा प्रश्न विसरू नका : सांभाळणार कोण? केरळने आपल्या सरकारी शाळांत गेली कित्येक वर्षं लिनक्स चालवलं. ते चाललं, कारण त्यांनी आधी शिक्षक तयार केले. आपल्याकडे २००१ मध्ये एमकेसीएल झालं, एमएस-सीआयटी आली, आणि खेड्यापाड्यांतली पोरं संगणकाला भिईनाशी झाली. हे मोठं काम झालं. पण त्यातून महाराष्ट्राचा हात विंडोजवर बसला. मग नवं लावायचं तर एका शिक्षकाला आणि दोन मोठ्या मुलांना तरी आधी शिकवा. कुणालाच येत नसलेली मोकळीक चार महिन्यांत कुलूपबंद खोली होते.

श्रोत्यांचे प्रश्न

*"सर, आमच्याकडे तर फॉरमॅट मारणारा विंडोज फुकटच टाकून देतो. मग पैशाचा प्रश्नच कुठे आला?"*

हा प्रश्न विचारलात हे बरं केलंत, कारण सगळे करतात आणि कुणी बोलत नाही. परवाना नसलेली प्रत ही दुसऱ्याची वस्तू न विचारता वापरणं आहे. हे झालं नीतीचं. आता क्षेमाचं ऐका. तो कुलूप तोडणारा प्रोग्रॅम कुणी बनवला, त्यात आणखी काय घातलं, तुम्हाला माहीत नाही. त्याच यंत्रावर तुम्ही बँकेचं काम करता. घराचं कुलूप फुकट बदलून देणाऱ्या अनोळखी माणसाकडे एक किल्ली राहिली असेल, असा संशय आपण घेतोच ना? आणि शाळेने तर हे मुळीच करू नये. मुलं धड्यातलं विसरतात, पण मास्तर काय करतो ते विसरत नाहीत. पैसे नसतील तर हक्काने फुकट मिळणारं लिनक्स आहे.

*"कंपन्यांनी वापरून विकलेले जुने लॅपटॉप मिळतात. घ्यावे का?"*

घ्यावे, पण पारखून. कार्यालयीन मॉडेल मजबूत असतात आणि बहुधा सहज उघडतात. विंडोज ११ हवं असेल तर प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा आहे ना, ते पाहा. बॅटरी बदलावी लागेल असं धरूनच भाव करा.

*"मोबाइलवर सगळं होतं. संगणक हवाच कशाला?"*

वाचणं, पाहणं, पैसे पाठवणं हे मोबाइलवर उत्तम होतं. पण मोबाइल मुख्यतः दुसऱ्याने केलेलं आपल्यापर्यंत आणतो. लांब लिहिणं, चार कागद शेजारी ठेवून ताडून पाहणं, हिशेबाचा तक्ता मांडणं, प्रोग्रॅम लिहिणं, यासाठी अजून संगणकच लागतो. तुमच्या मुलाला काही घडवायचं असेल तर संगणक द्या. साधा द्या, जुना द्या, पण द्या.

*"शेवटी एका वाक्यात सांगा, कोणता?"*

एका वाक्यात सांगतो. घेताना जितका वेळ किंमत पाहण्यात घालवता, तितकाच वेळ हे विचारण्यात घाला : बिघडला तर मूलमध्ये कोण उघडेल, देखभाल कोणत्या तारखेला संपेल, आणि माझ्या फाइली दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर आजच उघडून दाखवाल का? या तिन्हींचं उत्तर जो दुकानदार न अडखळता देईल, त्याच्याकडून घ्या.